कातळावरचं अर्थिंग

चार्जरवरचा लाल दिवा तीनदा मिचकला, थांबला, पुन्हा तीनदा मिचकला.

"नाही म्हणतोय," शालन म्हणाली.

"प्लग नीट बसला नसेल."

"दोनदा काढून घातलाय मी."

मग मी काढून घातला. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत पंधरा अँपिअरचा सॉकेट होता. तिथून आमची जाड वायर खिडकीतून बाहेर काढली होती आणि तिच्या टोकाला शालनची पांढरी गाडी उभी होती. दिवा पुन्हा तीनदा मिचकला. गाडीत बारा टक्के उरले होते. चार्जिंग स्टेशन म्हणावं असं जवळात जवळ होतं ते साठ किलोमीटरवर, हायवेला.

ही पाच वर्षांपूर्वीची, पंचवीस जानेवारीची गोष्ट. मी वीज बोर्डातून वायरमन म्हणून रिटायर झालो तेव्हा एक जुनी मिनीबस घेतली आणि कराडच्या बॉडीवाल्याकडून आतून तिचं घर करून घेतलं. दोन बाकं जोडली की पलंग, खिडकीशी गॅसची शेगडी, लहान फ्रीज, मागच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम, टपावर सोलरची दोन पॅनल. सांगलीच्या घराला कुलूप लावून आम्ही त्या बसमध्येच राहायचो. बस मी चालवायचो आणि मागून शालन तिची विजेवरची गाडी घेऊन यायची. गाडी चालवायला ती पंचावन्नाव्या वर्षी शिकली. गिअरची तिला जमेना, म्हणून मुलीनं ही बिनगिअरची घेऊन दिली. तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसायला तयार नसायची. "तीस वर्षं तुमच्या मागं बसून फिरले, आता मला रस्ता दिसू दे," म्हणायची. आणि मग दिवसभर माझ्या बसचा मागचा पत्रा बघत यायची.

टपावरच्या सोलरवर आमचा पंखा, दिवे आणि फ्रीज चालायचा. गाडी त्याच्यावर भरणं शक्य नव्हतं. त्यामुळे मुक्कामाला लोक आधी पाणी बघतात, आम्ही आधी प्लग बघायचो.

धामणकोंडला यायचं मीच ठरवलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं, सड्यावरचं गाव. सडा म्हणजे वर सपाट, सगळा काळा जांभा कातळ, माती नावाला. तीस वर्षांपूर्वी या गावात लाईन मी आणली. खांब खांद्यावरून चढवले होते. चार महिने मी इथं एकटा वायरमन होतो. हे मी शालनला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी सुरुवात केली की पुढचं वाक्य ती म्हणायची.

आणि गावही विसरलं नव्हतं. बस शाळेच्या पटांगणात लावली नाही तोच आत्माराम घाग काठी टेकत आला. त्या चार महिन्यांत मी त्याच्या घरी जेवायचो.

"वळखलंत का वायरमन?"

"आत्मारामदादा."

"मी म्हटलं ह्यो टक्कल पडलेला कोण उतरला. चालीवरनं वळखला." त्यानं बसमध्ये डोकं घातलं. "ह्यात ऱ्हाता तुमी? संडास पण आतच? वैनी, ह्यो माणूस पूर्वी पाणंदीत जाताना पण बॅटरी मागायचा."

शालन हसली. मी आत्मारामदादाला बसवलं, चहा झाला. तेवढ्यात शाळेच्या हेडमास्तर शिर्के बाई आल्या. चाळिशीच्या, तरतरीत. आत्मारामदादानं त्यांना सांगितलं, हाच तो, ह्यानंच गावात पयला बल्ब लावला. बाईंनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

"उद्या सव्वीस जानेवारी. झेंडा तुमच्या हातून. नाही म्हणायचं नाही. गावातर्फे शाल, श्रीफळ. मुलांना दोन शब्द सांगा, वीज कशी आली ते."

मी नको नको म्हणालो, पण फार जोरात नाही. शालनकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला आवडणारं काहीतरी होतं. तीस वर्षं जे नुसतं ऐकलं ते आज ती डोळ्यांनी बघत होती.

त्यानंतर अर्ध्या तासानं तो लाल दिवा.

मी माझ्या पेटीतून टेस्टचा बल्ब काढला. होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख लागला. फेज आणि अर्थला लावला, आतली तार नुसती लालसर झाली. म्हणजे अर्थिंग नाही, चुकार करंटला जमिनीत जायची वाट नाही. गाडीचा चार्जर तेच सांगत होता. ही नवी यंत्रं अर्थिंग नसलं तर करंट घेतच नाहीत.

"काय झालं?" शालननं खिडकीतून विचारलं.

"काही नाही. खेड्यातली लाईन आहे. लूप मारतो."

"लूप म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधायचं ते?"

"हो."

"परवा त्या खानावळवाल्याला तुम्ही कशावरून झापलंत?"

परवा एका खानावळीत मालकानं असाच लूप मारून ठेवला होता. चार्जर फसला होता, गाडी चार्ज होत होती. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं, की न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होईल, हात लावणारा जागेवर जाईल. शालन तेव्हा शेजारीच होती.

"एका रात्रीपुरतं," मी म्हणालो.

"तो पण तसंच म्हणाला होता."

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. मुलं बाहेर आली आणि व्हरांड्यात चपलांच्या रांगेकडं पळाली. चपला पायात सरकवून ती पाण्याच्या स्टीलच्या टाकीकडं गेली, पाणी प्यायली, परत आली, चपला काढल्या आणि खेळायला लागली. अनवाणीच.

शालन ते बघत राहिली. आपल्याकडं पाण्यापाशी लोक चपला काढतात. टाकीच्या वर भिंतीवर रंगानं लिहिलं होतं: पाणी पिताना चपला घाला.

तिनं शिर्के बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मी आले तेव्हापासून आहे हो ते. आधीच्या गुरुजींनी लिहिलं. नळाला हात लावला की मुंग्या येतात. पंप चालू असला की जास्त. पावसाळ्यात तर मी कुणाला हातच लावू देत नाही, घरून बाटल्या आणायला सांगते. वायरिंग दोनदा बघून घेतलं, काही सापडत नाही."

एक बारकी मुलगी म्हणाली, "शाळेचं पाणी चावतं."

शालन माझ्याकडं आली. हळू आवाजात म्हणाली, "अहो, इथलं अर्थिंग कुणी केलंय?"

मी तिला तीस वर्षं सांगितलं होतं की या गावातला एकूण एक खिळा माझ्या हातचा आहे. आता दुसरं कुणाचं नाव घ्यायची सोय नव्हती.

"मी."

"मग?"

"जुनं झालं. आत मीठ-कोळसा घातलेला असतो, तो संपतो. पाणी घातलं की होतं ठीक."

मला वाटलं विषय संपला. पण शालन पहिल्यापासून स्वतःच्या हातानं करून बघणारी. तिनं बादली घेतली, शाळेच्या मागं गेली. तिथं भिंतीला लागून सिमेंटचा छोटा चौकोन होता, त्यातून वर आलेली नळी आणि नळीवर नरसाळं. अर्थिंगचा खड्डा असाच असतो. नरसाळ्यात पाणी ओतायचं, ते नळीतून खाली आठ-नऊ फूट जातं आणि माती ओली ठेवतं. तिनं एक बादली ओतली. नरसाळं भरलं आणि पाणी बाहेर सांडलं. ती थांबली, वाट बघितली. पाणी तसंच. त्यात वरचं आकाश दिसत होतं.

"अहो, हे आत जात नाहीये."

मी नरसाळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"नळी बुजली असेल का?"

"नाही."

मी त्या सिमेंटच्या कडेवर बसलो आणि तिला सांगितलं.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मोठे साहेब येणार होते. शाळेचं अर्थिंग तेवढं राहिलं होतं. दोन माणसं दिवसभर पहार मारत होती आणि खड्डा दीड फूट झाला होता. जांभा वरून मऊ दिसतो, पण इथला कातळ ठणठणीत. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, अर्थिंग झालं का. मी माणसांना घरी पाठवलं. करवत घेतली. नऊ फुटांची नळी दीड फुटावर कापली. ती खड्ड्यात उभी केली, तळात आणि भोवती सिमेंट ओतलं, वर नरसाळं लावलं. बाहेरून कुणालाही वाटावं की नऊ फूट आत आहे. रजिस्टरात रीडिंग लिहिलं दोन ओहम; जितकं कमी तितकं अर्थिंग चांगलं. मीटर पेटीतून काढलाही नव्हता.

"साडेसात फूट नळी कुठं टाकलीत?" शालननं विचारलं.

माणूस काय विचारेल याचा नेम नसतो.

"दरीत."

तिनं बादली उचलली. मग म्हणाली, "आत्ता कुणी त्या नळाला हात लावला तर?"

मी उठलो. मीटरच्या खोलीत जाऊन मेन बंद केला आणि तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले. पंप, पाण्याची टाकी, सगळं मेलं. शिर्के बाई विचारत आल्या. मी म्हणालो, दुरुस्ती आहे, उद्यापर्यंत लाईट लावू नका.

"पण उद्या माईक?"

"माईक नाही लागणार."

संध्याकाळी बसमध्ये शालननं पिठलं केलं. आमच्या दिव्याला सोलर होतं, त्यामुळे शाळेच्या आवारात उजेड तेवढा आमचाच. जेवताना मी वाट बघत होतो, की ती रागावेल आणि मग मला काहीतरी उत्तर देता येईल. शेवटी मीच म्हणालो.

"दुरुस्ती म्हणून करून टाकतो. दोन दिवसांत होईल. कुणाला कळायची गरज नाही."

"होईल की."

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"माझं काही म्हणणं नाही. मी कुणाला सांगणार नाही." तिनं ताट बाजूला ठेवलं. "उद्या तुम्हाला शाल घालतील, मुलं टाळ्या वाजवतील. मी पण वाजवीन. फक्त परत घरी कुणी आलं आणि तुम्ही धामणकोंडची गोष्ट काढलीत, तर मी आत चहा करायला जाईन. तेवढं ध्यानात ठेवा."

तिनं तीस वर्षं ती गोष्ट बसून ऐकली होती. एकदाही उठून गेली नव्हती.

सकाळी आठला झेंडा. साठेक मुलं, चाळीसभर गाव. मी दोरी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. शिर्के बाई माझ्याबद्दल बोलल्या. टेबलावर शाल आणि नारळ. माईक नव्हता. हळू बोलून भागणार नव्हतं, मागच्या माणसापर्यंत जायला हवं होतं. शालन बायकांमध्ये बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती. शेजारच्या बाईच्या पोराचं बटण लावत होती.

मी म्हणालो, "शाळेच्या पाण्याला मुंग्या येतात त्या माझ्यामुळं. तीस वर्षांपूर्वी या शाळेचं अर्थिंग मी खोटं केलं. नळी कापून बसवली आणि खोटं रीडिंग लिहिलं. काल मेन मी बंद केलाय. खरं अर्थिंग झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

एवढंच बोललो. मुलांना काही कळलं नाही, त्यांनी शिकवल्याप्रमाणं टाळ्या वाजवल्या. मोठ्यांचे हात मांडीवरच. मग पाठीमागून एक जण उठला. आत्मारामचा पुतण्या, सुहास. पस्तिशीचा. गावाबाहेर त्याची चिरेखाण होती, घरबांधणीचे जांभ्याचे चिरे काढायची. त्याची मुलगी दुसरीत होती. शाळेचं पाणी चावतं म्हणणारी तीच.

"कोण मेलं असतं तर?"

"हो," मी म्हणालो.

"हो काय? विचारतोय मी. पोर मेलं असतं तर काय केलं असतंत? शाल घ्यायला आला असतात?"

"आलो असतो. मला कळलंच नसतं."

ते खरं होतं, आणि खरं म्हणूनच त्याला आणखी राग आला. तो पुढं आला. मला वाटलं हात उचलतोय. आत्मारामदादानं काठी आडवी धरली.

"थांब रे. वायरमन, तुमी त्या राती माझ्याकडं कोंबडी जेवलात. दोनदा रस्सा मागून घेतलात. घास कसा उतरला वो?"

"उतरला, दादा. भूक लागली होती."

कुणीतरी हसलं. सुहास हसला नाही, पण थांबला. शिर्के बाईंना त्या शालीचं काय करावं कळेना. ती हातात घेऊन त्या तशाच उभ्या. शालन उठून गेली, त्यांच्या हातातून शाल घेतली, घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"राहू दे बाई. काम झालं की बघू कुणाला थंडी वाजते ते."

मग ती माझ्याकडं आली. लोकांसमोर तिनं कधी माझा हात धरला नव्हता, तेव्हाही धरला नाही. नुसती म्हणाली, "चला, पहार कुठाय?"

जुन्या जागेवर मी पहार मारायला सुरुवात केली. बासष्टाव्या वर्षी. दुपारपर्यंत सिमेंट फुटलं आणि नळी वर आली. खालच्या टोकावर करवतीच्या दातांच्या खुणा दिसत होत्या. लोक बघून गेले. मी ती लपवली नाही, व्हरांड्यात भिंतीला उभी करून ठेवली. पण त्याच्याखाली कातळ तोच होता, तीस वर्षांत काही मऊ झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत चार बोटं खाली गेलो. हाताला फोड आले.

शालन मागच्या उतारावर जाऊन आली. तिच्या चपलेला चिखल होता.

"अहो, इथंच कशाला मरायचं? खाली भांडी धुतलेलं पाणी जातं तिथं केळी आहेत. काठी खुपसली तर हातभर आत जाते. बारा महिने ओल आहे."

"ती जागा साठ-सत्तर फुटांवर आहे."

"मग? तिथून पट्टी आणता येत नाही?"

मी पहारीवर टेकून उभा राहिलो. येत होती. खड्डा केळीत घ्यायचा, नळी तिथं नऊ फूट उतरवायची आणि लोखंडी पट्टी शाळेपर्यंत आणायची. कातळात फक्त अर्धा फूट चर मारायचा. तेव्हाही येत होती. तेव्हा नकाशात खड्डा भिंतीजवळ दाखवला होता, म्हणून मी तिथं खणलं, आणि खणता येईना म्हणून नळी कापली. खाली जाऊन बघायचं डोक्यात आलंच नाही.

"चाळीस वर्षं बोर्डात काढली," मी म्हणालो.

"मी चाळीस वर्षं भांडी घासली. सांडपाणी कुठं जातं ते मला माहीत असतं."

दुसऱ्या दिवशी केळीत खड्डा सुरू केला. तिथं माणसं आपणहून आली. आधी आत्मारामदादाची दोन नातवंडं, मग बायका, त्या कोळसा आणि मीठ घेऊन आल्या. बसमध्ये येऊन बायकांनी शालनची शेगडी, फ्रीज, बाथरूम सगळं बघितलं. एकीनं विचारलं, "भांडण झालं तर कुठं जाता वो?" शालन म्हणाली, "म्हणून तर गाडी वेगळी ठेवलीय."

चौथ्या दिवशी सकाळी खडखड आवाज आला. सुहास त्याचं चिरे कापायचं मशीन ट्रॉलीवर घालून घेऊन आला होता. जनरेटरसकट. माझ्याशी बोलला नाही. मी छिन्नी-हातोडा घेऊन चर मारत होतो, दोन दिवसांत दहा फूट झाला होता. त्यानं पायानं माझी छिन्नी बाजूला सारली.

"सरका. असं पावसाळा येईल."

त्याचं गोल पातं कातळात शिरलं, लाल धुरळा उडाला. उतारापासून भिंतीपर्यंतचा चर त्यानं दीड तासात काढला, दोरी लावल्यासारखा सरळ. मशीन बंद केलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि म्हणाला, "खोल पुरेल?"

"पुरेल."

"नक्की? का नुसतं पुरेल?"

"नक्की. मोज पाहिजे तर."

त्यानं खरंच टेप काढून मोजलं. तीन ठिकाणी. मला ते आवडलं.

नळी पूर्ण नऊ फूट गेली. ती खाली सोडताना मी गावातल्या दहा माणसांना खड्ड्याभोवती उभं केलं. पट्टी जोडली, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं. नरसाळ्यात ओतलेलं पाणी गटगट आवाज करत खाली गेलं. तालुक्याच्या ऑफिसातून मी अर्थ टेस्टर मागून आणला होता. रीडिंग घेतलं. तीन पूर्णांक दोन ओहम. पंप तपासला, आत ओल शिरून त्याची वायर पत्र्याला लागत होती, ती बदलली. मग खिशातले फ्यूज जागेवर बसवले आणि मेन टाकला.

शिर्के बाईंनी विचारलं, "तीन म्हणजे चांगलं ना? जुन्या रजिस्टरात दोन लिहिलंय."

"ते दोन खोटे होते. हे तीन खरे आहेत."

मी आयुष्यात बरीच रीडिंग लिहिली. त्या तीन पूर्णांक दोनइतकं झोकात एकही लिहिलं नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, महादेव ज्ञानू खराडे, आणि तारीख.

टाकीच्या नळाला पहिला हात मीच लावला. चपला काढून, ओल्या जमिनीवर उभा राहून. मग सुहासनं लावला. मग त्यानं त्याच्या मुलीला पुढं केलं. ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता नुसतंच लागतं." तिला जरा हिरमुसल्यासारखं झालं होतं.

शाल शेवटी शिर्के बाईंनी शालनच्या खांद्यावर घातली. भर दुपारी. "उन्हात काय हे," म्हणून ती पुटपुटली, पण गावातून निघेपर्यंत तिनं ती काढली नाही. गाडी रात्रभर चार्जिंगला होती, सकाळी शंभर टक्के झाली.

निघताना आत्मारामदादा मला म्हणाला, "वायरमन, आता खरे पाव्हणे झालात. परत या." सुहास आला नव्हता. रस्त्यात त्याची खाण लागली तेव्हा त्यानं मशीन थांबवलं आणि हात वर केला. तेवढंच.

सडा उतरल्यावर जिथं रस्ता हायवेला मिळतो तिथं शालननं मागून हॉर्न दिला. मी बस कडेला घेतली. ती उतरून माझ्या खिडकीशी आली. शाल तशीच अंगावर.

"आणखी किती?"

मला कळलं, पण मी विचारलं, "काय किती?"

"त्या वर्षी तुम्ही एकाच शाळेत लाईट आणली नव्हती."

मी स्टेअरिंग धरून बसलो. नाही म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. ती गाडीत जाऊन बसली असती आणि आम्ही ठरल्याप्रमाणं गणपतीपुळ्याला गेलो असतो.

"चार," मी म्हणालो.

"सगळ्या अशाच कातळावर?"

"हो."

तिनं मान हलवली. रागावली नव्हती. हिशेबात सामान किती लागेल ते बघते तसं बघत होती. "मग तुम्ही मागून या. मी पुढं जाते. पहिली कुठल्या बाजूला?"

मी हात केला. ती वळली. त्या दिवसापासून तिची गाडी पुढं आणि माझी बस मागं.

दोन शाळा आम्ही आंब्याच्या दिवसांपर्यंत केल्या, तिसरी पुढच्या थंडीत. प्रत्येक ठिकाणी आधी तिची गाडी प्लगला लावायची, लाल दिवा दाखवायचा, मग मी बोलायचं. बोलणं काही सोपं झालं नाही. एका गावात दगड आला, बसची काच गेली. पण प्रत्येक ठिकाणी शेवटी खरं रीडिंग लिहिलं. त्यानंतर शालन आजारी पडली. आम्ही सांगलीच्या घरी परतलो. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले, ती सात महिने राहिली.

एक दिवस दुपारी ती उशाला टेकून बसली होती. म्हणाली, "चौथी राहिली."

"राहू दे आता."

"सामान आणून ठेवलंय ना?"

"ठेवलंय." मग मी सांगून टाकलं. "ती कातळावर नाही, शालन. नदीकाठची माती आहे. पहार सोडली तर आपोआप जाईल. तिथं नळी कापायचं काही कारण नव्हतं. तोवर मला सवय लागली होती. म्हणून ती शेवटाला ठेवत गेलो."

तिनं खिडकीकडं मान वळवली.

"मग ती अर्ध्या दिवसाची," ती म्हणाली. "ती तुम्ही एकट्यानं करा."

बस मी विकली. दोन गाड्या एका माणसाला चालवता येत नाहीत. तिची ठेवली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या आठवड्यात नळी टपावर बांधून त्या गावाला गेलो. शाळेत एकच गुरुजी होते, नवीन, तरुण. त्यांना आणि गावातल्या चार माणसांना उभं करून सांगितलं, माती मऊ असताना कापली हेही सांगितलं. मग मी खणायला लागलो. अकराला सुरू केलं, तीनला नळी पूर्ण उतरली. रीडिंग एक पूर्णांक आठ आलं. दोनदा घेतलं. रजिस्टरात लिहिलं.

गुरुजींनी चहा आणला. म्हणाले, "या वयात एवढ्या लांब एकटेच आलात? बरोबर कुणाला तरी आणायचं."

"नाही," मी म्हणालो. "हे मला एकट्यालाच करायला सांगितलं होतं."